रिद्धपूरचं टी.ए. बिल

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून अकोल्याला आजोळी जाऊन आलो. वांग्याची भाजी आणि रोडगे असं जेवण झालं होतं, डोळे मिटत होते, आणि तेवढ्यात मामीनं एक फाईल माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"तू कॉम्प्युटरवाला आहेस नं? तुह्या मामाचं हे बिल पाहून दे जरा. तीन खेपा वापस आलं."

मामा सरकारी नोकरीत आहेत. (खातं सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या खेपेला रोडगे मिळणार नाहीत.) निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. हापिसच्या कामासाठी त्यांना दोन दिवस रिद्धपूरला जावं लागलं होतं, त्याचं हे प्रवास भत्त्याचं देयक, म्हणजे आपल्या भाषेत टी.ए. बिल. एकूण रक्कम रुपये आठशे चाळीस. बिलाला टाचणीनं आक्षेपाचा कागद जोडलेला आणि त्यात तीन मुद्दे. एक, मोर्शी ते रिद्धपूर या प्रवासाचं तिकीट जोडलेलं नाही. दोन, जवळचा मार्ग सोडून दूरच्या मार्गाने प्रवास का केला याचा खुलासा करावा. तीन, मुक्कामाची पावती जोडलेली नाही.

"जाऊ दे नं बाबू," मामा झोपाळ्यावरून म्हणाले. "काहून डोक्शाले ताप करून घेतं? आठशे रुपयाची तं गोष्ट आहे."

आता रिद्धपूर कुठे आहे ते सांगतो, म्हणजे आक्षेपातली गंमत कळेल. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. अमरावतीहून एक रस्ता चांदूर बाजारच्या अंगानं जातो, आणि दुसरा मोर्शीवरून वळसा घालून. मामांची सोयीची एस.टी. चुकली होती, म्हणून ते मोर्शीची गाडी पकडून तिथे उतरले आणि पुढे काळीपिवळीनं गेले. काळीपिवळी म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि एक ताडपत्री. तिच्यात तिकीट मिळत नाही. मिळतो तो "सरका नं भाऊ थोडं" असा आदेश.

म्हणजे पहिला आक्षेप असा की जे वाहन तिकीट देतच नाही त्याचं तिकीट का नाही. आमच्या धंद्यात याला फॉर्मचं व्हॅलिडेशन म्हणतात. ज्यानं फॉर्म बनवला त्यानं काळीपिवळी कधी पाहिलेली नसते, आणि जो काळीपिवळीत बसतो त्याला फॉर्म कोणी बनवला हे ठाऊक नसतं. मी सवयीनं म्हटलं, "मामा, हा सगळा प्रकारच मूर्खपणाचा आहे. काढून टाकायला पाहिजे." मामा नुसते हसले.

पण जुन्या कोडच्या बाबतीत मी एक धडा ठेच खाऊन शिकलोय. एखादी ओळ मूर्खपणाची वाटली की लगेच पुसायची नाही. ती कोणी, कधी, काय बिघडलं म्हणून लिहिली ते आधी शोधायचं. पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार-रविवार मी हेच केलं, आणि जे सापडलं त्यानं माझं मत जरा बदललं. ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात एका आकड्यापासून. मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या आत काम असेल तर दैनिक भत्ता मिळत नाही, हे कुठलाही सरकारी कर्मचारी झोपेतून उठवला तरी सांगेल. पण आठच का? सात का नाही, दहा का नाही? उत्तर सोपं आहे. तो आकडा मुळात ८ नाहीच, तो ५ आहे. पाच मैल! इंग्रज सरकारचे 'फंडामेंटल रूल्स' १ जानेवारी १९२२ पासून लागू झाले आणि त्यांच्या जोडीला पूरक नियम आले. त्यात मुख्यालयाभोवती पाच मैलांचं वर्तुळ आखलेलं होतं. पुढे मैल गेले, किलोमीटर आले, पाचाचे आठ झाले आणि वर्तुळ तिथंच राहिलं. याच नियमांत अजून एक तत्त्व आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रवास भत्त्याचा गाभा तोच आहे: भत्ता हा खर्चाची भरपाई आहे, तो घेणाऱ्याला एकंदरीत नफ्याचं साधन होता कामा नये. पावती, जवळचा मार्ग, तारीख-वेळ हे सगळं या एका वाक्याच्या पोटातून निघालेलं आहे.

पण त्याच्या आधी काय होतं? सरकारी माणूस तर त्याच्याही आधीपासून हिंडतोच आहे. मग त्याच्या खाण्यापिण्याचे, घोड्याच्या दाण्याचे, सामान वाहून नेण्याचे पैसे कोण द्यायचं?

गंमत म्हणजे हा प्रश्न विचारायला रिद्धपूरइतकी चांगली जागा नाही. रिद्धपूर हल्ली बातम्यांत असतं ते मराठी भाषा विद्यापीठामुळे. २०२४ मध्ये तिथे डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू म्हणून नेमले गेले. पण हे विद्यापीठ तिथेच का, याचं कारण साडेसातशे वर्षं जुनं आहे, आणि त्या कारणात प्रवासच प्रवास आहे.

चक्रधरस्वामींची कथा तुम्ही शाळेत थोडीफार वाचली असेल. परंपरा सांगते की गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा हा मुलगा, नाव हरिपाळदेव. रामटेकच्या यात्रेला जायचं म्हणून त्यानं वडिलांची परवानगी मागितली. प्रधानाचा मुलगा म्हटल्यावर वडिलांनी लवाजमा बरोबर दिला. आणि या मुलानं काय करावं? वाटेत तो लवाजमा थोडा थोडा करून परत पाठवून दिला, आणि एकटा चालत रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी येऊन पोचला. तेराव्या शतकात प्रधानाचा मुलगा लवाजम्यानिशी गावात शिरला असता तर गावावर काय वेळ आली असती, याची कल्पना करून पाहा. इतक्या माणसांचं नि जनावरांचं पोट कुणी भरलं असतं? गावानंच!

पुढे महानुभाव पंथात साधकासाठी जी शिस्त ठरली तिच्यात अटन आणि भिक्षा दोन्ही आहेत. हिंडत राहायचं, एका जागेला चिकटून बसायचं नाही, आणि पोटापुरतं मागून खायचं. म्हणजे हिंडणाऱ्या माणसाचा खर्च गावच करतं, पण देणारा दार लावूही शकतो. भिक्षा मागितली जाते, वसूल केली जात नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी सुमारे १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. नागदेवाचार्यांकडून आठवणी घेतल्या, आणि जी गोष्ट ज्यानं पाहिली-ऐकली त्याच्याकडे जाऊन ती पडताळून घेतली. त्यांच्यानंतर, चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' तर सरळ दौऱ्याची दैनंदिनीच वाटावी अशी आहे. स्वामी कुठल्या गावी राहिले, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेच्या अंगणात, याची नोंद. हे सगळं झालं पायी, आणि गावोगावच्या माणसांच्या अन्नावर. टी.ए. बिल कुणी सादर केलं नाही :-)

आता संन्याशांकडून सरकारी माणसांकडे येऊ.

मराठेशाहीच्या कागदांत आजच्या प्रवास भत्त्याचा पूर्वज शोधायचा असेल तर तो हापिसाच्या हिशेबात सापडत नाही, गावाच्या हिशेबात सापडतो. कुलकर्ण्याच्या दप्तरात 'गावखर्च' नावाचं खातं असे. देऊळ, उत्सव, गोसावी-फकीर यांच्याबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी माणसाची 'सरबराई' सुद्धा त्यातच. सरबराई म्हणजे आज आपण लग्नातल्या पाहुण्यांची करतो ती नव्हे. सरकारी माणसाला शिधा, जनावराला वैरण, चुलीला लाकूड हे गावानं पुरवायचं, याला सरबराई म्हणत. 'मसाला' हा शब्द तर अजून भारी. सरकारचं बोलावणं घेऊन शिपाई तुमच्या दारात आला, की त्याच्या येण्याचे पैसे तुम्हीच द्यायचे. त्याला मसाला म्हणत. थोडक्यात, तुम्हाला चावडीवर हजर करायला येणाऱ्या माणसाचं टी.ए. बिल तुमच्याच नावावर!

आणि आमच्या वऱ्हाडात तर हे दुप्पट होतं. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम स्वतंत्र झाला, वऱ्हाडावर त्याचा हक्क. आणि दुसरीकडून नागपूरकर भोसल्यांचा वसुलीत वाटा. याला 'दोअमली' म्हणतात. एका गावावर दोन सरकारं, म्हणजे दोन कमाविसदार, दोन शिपाई, आणि दोन सरबराया. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वाटा सोडला तेव्हा कुठे एकाच सरकारची माणसं उरली.

इंग्रजांनी पगार आणि भत्ता ही व्यवस्था कागदावर आणली हे खरं. 'भत्ता' या शब्दाचं नातं भाताशी, म्हणजे अन्नाशी जोडतात. मोहिमेवर असलेल्या माणसाला पोटासाठी दिलेली जादा रक्कम म्हणजे भत्ता. तो किती नाजूक विषय होता पाहा. १७६६ साली क्लाइव्हनं बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तर त्यांनी एकत्र येऊन राजीनामे देण्याचा कट केला. लष्करी बंडच ते, कारण काय तर भत्ता. भत्त्यावरून कुरकुर करणारे आपले मामा एकटे नाहीत तर.

पण भत्ता साहेबाला मिळाला, याचा अर्थ गाव सुटलं असा होत नाही. हिवाळा आला की साहेब दौऱ्यावर निघायचा. तंबू, पलंग, टेबल, भांडीकुंडी, कारकून, शिपाई, घोडे. हे सगळं एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला न्यायला गावच्या गाड्या आणि गावची माणसं. साहेबानं पैसे दिलेच तरी ते मधल्या हातांतून खाली पोचत नाहीत, ही तक्रार देशभर होती. या सक्तीच्या कामाला मराठीत वेठ म्हणतात, बिगार म्हणतात. "संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीला धरलं" असं आपण पेपरात वाचतो ना, ती वेठ हीच. शब्द राहिला, पाठीवरचं ओझं विसरलो.

सगळीकडे लोकांनी ते मुकाट्यानं सोसलं असंही नाही. कुमाऊँच्या डोंगरात तर अधिकाऱ्याचं सामान कोणत्या गावातल्या कुणी वाहायचं याची रीतसर वही असे. १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोक जमले, आणि गावप्रमुखांनी त्या वह्या आणून शरयू नदीत बुडवल्या. तिथून कुली-बेगारीचा शेवट सुरू झाला. आणि फंडामेंटल रूल्स लागू झाले ते पुढच्याच जानेवारीत, १९२२ ला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण सरकारी माणसाच्या प्रवासाचा खर्च कुणाच्या पाठीवर, हा प्रश्न त्या काळात नदीकाठी आणि टेबलावर दोन्हीकडे होता एवढं दिसतं.

महाराष्ट्रात ही पाठ बहुतेक वेळा एकाच जातीची होती. महार वतन म्हणजे नावाला वतन. सरकारी माणूस गावात आला की निरोप पोचवणं, लाकूडफाटा आणणं, सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणं, दिवस असो रात्र असो. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं, तेही मिळालं तर. सरकारचं काम, पण त्याची मजुरी सरकारच्या तिजोरीतून नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं ते याच्याविरुद्ध. ते मंजूर झालं नाही.

आणि पुढच्याच वर्षी बाबासाहेब स्वतः सरकारी दौऱ्यावर होते. हा प्रसंग मला माहीत होता, पण 'सरकारी प्रवास' म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं एक समिती नेमली होती, अध्यक्ष स्टार्ट. बाबासाहेब तिचे सदस्य. खानदेशातलं काम आटोपून ऑक्टोबर १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले. (मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं हेच चाळीसगाव. पुण्या-मुंबईहून अकोल्याला येताना माझी झोप नेहमी इथंच मोडते.) तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना रात्री मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगे होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. सवय नसलेल्या एका माणसानं टांगा हाकला. वाटेतल्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी हे सगळं शांतपणे सांगितलं आहे.

आता याच प्रसंगाकडे टी.ए. बिलाच्या डोळ्यांनी बघा. सरकारनं नेमलेला सदस्य, सरकारी काम, प्रवासाच्या भाड्याचे पैसेही आहेत. टांगाही उभा आहे. आणि तरी प्रवास होत नाही! नियम लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की पैसे दिले की वाहन मिळतं. काळीपिवळीच्या तिकिटावर मी हसलो होतो, पण इथे गृहीतक चुकलं त्याची किंमत माणसाच्या हाडानं मोजली.

त्यानंतर वीस वर्षांनी याच माणसाच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीनं जी राज्यघटना तयार केली, तिचं २३ वं कलम काढून वाचा. मूळ इंग्रजी मजकुरात, सगळ्या इंग्रजी शब्दांच्या मध्ये, 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा बसवलेला आहे. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशी सक्तीची मजुरी यांना बंदी. २६ जानेवारी १९५० पासून सरकारी माणसाचं सामान गावच्या पाठीवर फुकट चढवणं हा घटनेनंच मोडीत काढलेला प्रकार झाला. जुन्या मुंबई राज्याच्या भागात महार वतनासारखी कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा आला तो १९५८ चा. आणि 'मुंबई नागरी सेवा नियम', ज्यांत प्रवास भत्त्याची कलमं आहेत, ते १९५९ चे. पुन्हा योगायोगच. पण एका बाजूनं गावाचं ओझं उतरत होतं आणि दुसऱ्या बाजूनं तिजोरीवर ते रीतसर चढत होतं, हे चित्र डोळ्यांपुढे येतंच.

वऱ्हाडातल्या कारकुनाची मात्र या सगळ्यात मोठी धावपळ झाली. १८५३ पर्यंत निजामाचं राज्य, मग इंग्रजांकडे सोपवलेले जिल्हे, १९०३ ला मध्य प्रांताला जोडले, राजधानी नागपूर. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. अमरावती जागची हलली नाही, पण वरिष्ठांना भेटायला जायचं गाव हैदराबाद, नागपूर, मुंबई असं फिरत राहिलं. म्हणून १९५३ च्या नागपूर कराराची आठवण ठेवून हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, तेव्हा फायली आणि सगळं मंत्रालय ८०० किलोमीटर पूर्वेला सरकतं. वर्षभर आम्ही तिकडे जायचं, हिवाळ्यात तुम्ही इकडे या, असा तो सौदा. त्या एका प्रवासाची किती टी.ए. बिलं होत असतील याचा हिशेब मी करत नाही, मला सोमवारी हापिस आहे.

असो. मुद्दा असा की पावतीची ती तिरसट ओळ कोणी आणि का लिहिली, ते मला सापडलं. शतकानुशतकं सरकारी माणूस गावात यायचा आणि खर्च गाव करायचं. तिजोरीनं तो खर्च स्वतःकडे घेतला, आणि घेताना विचारलं: "खरंच झाला का? किती झाला? दाखव." पावती हा त्या सौद्याचा दुसरा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा भाग, म्हणजे "गावाकडून काही घेऊ नकोस, आम्ही देतो", हा आपण विसरून गेलोय.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. अर्धा तास बोललो, मामा नुसतं "हं, हं" करत होते. मग विचारलं, "मामा, त्या रात्री तुम्ही राहिलात कुठं? पावती का नाही?"

थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ओळखीच्या एकाच्या घरी राह्यलो बाबू. त्यायनं जेवू घातलं, गादी टाकून देल्ली. आता मी त्याले म्हणू का पावती दे म्हणून?"

"बरोबर आहे की मग. त्यात काय एवढं?"

"तसं काही नाही. पण दोन महिन्यानं त्याच मानसाची फाईल माह्या टेबलावर आली. नियमातच होती, काही वाकडं नव्हतं. सही केली. पण सही करतानी हात थांबला नं माहा. वाटलं, हे वाकडं असतं तं मी काय केलं असतं?"

माझ्या दोन वीकांतांच्या वाचनात जे नव्हतं ते या एका वाक्यात होतं. गाव मनानं जेवू घालतं, तो पाहुणचारच असतो. रिद्धपुरासारख्या ठिकाणी तर वाटसरूला जेवू घालणं ही शतकांची सवय आहे. पण जेवणारा खुर्चीवर बसणारा असला की त्या जेवणाचं काय करायचं हे ना जेवणाऱ्याला कळत, ना वाढणाऱ्याला. तिथे भिक्षा आणि सरबराई यांच्यातली रेघ पुसट होते. मामांच्या खिशात त्या दिवशी मुक्कामाचे पैसे आगाऊ असते, आणि तीन-तीनदा बिल परत येण्याची धास्ती नसती, तर ते कदाचित लॉजवर राहिले असते. आठशे रुपयांसाठी कोण झगडणार, असं म्हणून जो बिल सोडून देतो तो सरकारचे पैसे वाचवत नाही. तो खर्च कुठेतरी जातोच, आणि बहुतेक वेळा जुन्याच वाटेनं गावाकडे जातो. कुणाच्या तरी जीपमध्ये, कुणाच्या तरी चुलीवर.

हे ओळखून नियम बदलता येतात याचं उदाहरणही आहे. केंद्र सरकारनं सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये जो आदेश काढला, त्यात जेवणाची बिलं मागणं बंद केलं. बाहेर सहा तासांपेक्षा कमी असाल तर ठरलेल्या रकमेच्या ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, त्याहून जास्त असाल तर पूर्ण. खालच्या आठ वेतनस्तरांच्या कर्मचाऱ्यांना मुक्कामाच्या खर्चासाठी मर्यादेपर्यंत स्वतःचं प्रमाणपत्र चालेल असंही म्हटलं. म्हणजे माणसावर विश्वास ठेवला. २०१७ च्या त्या आदेशातल्या रकमा मात्र बघा: पाचव्या स्तरापर्यंत मुक्कामाला दिवसाला ४५० रुपये, आणि कामाच्या गावात फिरायला ११३ रुपये. महागाईप्रमाणे त्या वाढवण्याची तरतूद आहे, पण ११३ हा आकडा काढणाऱ्याच्या हातात टाचणीनं लावलेलं एखादं जुनं बिल नक्की असणार. मामा राज्य सरकारचे, त्यांना हा आदेश लागू नाही.

तर शेवटी मामांचं बिल मी नव्यानं लिहायला घेतलं, आणि एक साधी यादी करून दिली. तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांनाही द्या. निघायच्या आधी दौऱ्याचा संभाव्य कार्यक्रम मंजूर करून घ्यायचा, तोंडी आदेशावर निघायचं नाही. आगाऊ रक्कम मिळत असेल तर मागायची, त्यात लाज नाही. निघाल्याची आणि पोचल्याची वेळ त्याच दिवशी दैनंदिनीत लिहायची, आठवून नाही. एस.टी.च्या तिकिटाचा लगेच फोटो काढायचा, कारण ती शाई महिनाभरात उडते. वाट बदलावी लागली तर कारण तिथल्या तिथे एका ओळीत लिहून ठेवायचं. आणि जे घेतलं नाही ते लिहायचं नाही. मुक्कामाच्या रकान्यात मामांनी स्वतःच्या हातानं 'निरंक' लिहिलं. आधीच्या बिलात तिथे रक्कम होती. तो तिसरा आक्षेप बरोबरच होता म्हणायचा! मी काही बोललो नाही, मामाही बोलले नाहीत.

परवा मामांचा फोन आला. वाटेचा खुलासा मान्य झाला. काळीपिवळीचे साठ रुपये कापले, बाकी बिल मंजूर.

"मग मिळाले का पैसे?" मी विचारलं.

"नाही नं. मंजूर झालं, पण प्रवास खर्चाचं अनुदानच आलं नाही अजून."

१८५३ पासून इतकी सरकारं बदलली, ही ओळ मात्र सगळ्यांनी जपून ठेवली असावी. पुढच्या महिन्यात मामांना पुन्हा रिद्धपूरला जायचंय. या खेपेला लॉजवर राहणार म्हणतात, पावती घेऊन.